शिंप्याची भिंत आणि आपली घरं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला भाषण करायला सांगितले तेव्हा मी विचारले, कशावर बोलू? मी काही वक्ता नाही. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. त्यावर समितीतले एक जण हसत म्हणाले, "तुम्ही स्वतः उभं राहून घर बांधलंत ना? त्यावरच बोला. तुमच्या भिंतीचा तडा अख्ख्या आळीला ठाऊक आहे." तेव्हा म्हटले, ठीक आहे. तड्याबद्दल बोलायला मला कोणाचे पुस्तक उघडावे लागणार नाही.

पण एक पुस्तक उघडावे लागले. विनयपिटकात चुल्लवग्ग नावाचा ग्रंथ आहे. भिक्खूंनी कुठे राहावे, विहाराला दार कसे असावे, छप्पर कशाचे असावे, इतक्या बारीक गोष्टी त्यात आहेत. आपण वंदना म्हणतो, परित्राण पाठ ऐकतो, पण हा भाग कोणी वाचून दाखवत नाही. त्यात वैशालीची एक हकीकत आहे. वैशालीत विहारांची बांधकामे चालू होती. काही भिक्खू त्या कामांवर देखरेख करत, आणि बांधणारे लोक त्यांना चीवर, भोजन, औषधे देऊन त्यांची काळजी घेत. तिथे एक गरीब शिंपी होता. त्याने हे पाहिले आणि त्याच्या मनात आले, लोक इतक्या आदराने हे काम करतात, म्हणजे हे काही साधे नसणार. आपणही एक विहार बांधून द्यावा. पैसा नव्हता. मग त्याने स्वतःच चिखल तुडवला, स्वतःच विटा रचल्या आणि भिंत उभी केली. सुईदोऱ्याचा माणूस तो. भिंत वाकडी झाली आणि पडली. त्याने पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा बांधली, तिसऱ्यांदाही पडली.

मग तो चिडला आणि बोलून दाखवू लागला. जे दान देतात त्यांना भिक्खू सल्ला देतात, शिकवतात, त्यांच्या कामावर उभे राहतात. मी गरीब आहे, मला कोणी सांगत नाही, माझ्या कामावर कोणी उभा राहत नाही. हे बोलणे भिक्खूंच्या कानावर गेले आणि त्यांच्याकडून भगवंतांपर्यंत पोहोचले. आता बघा, भगवंत असे म्हणाले नाहीत की शिंप्याने शिवणकाम करावे, बांधकामाच्या नादी लागू नये. त्यांनी परवानगी दिली, की बांधकामाची देखरेख एका भिक्खूवर सोपवावी. तिला पालीत 'नवकम्म' म्हणतात, म्हणजे नवीन काम. आणि त्या भिक्खूचे कर्तव्य सांगितले: काम लवकर पुरे कसे होईल ते बघायचे, आणि जे मोडले-पडले असेल ते दुरुस्त करायचे.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्यापुढे वैशाली नव्हती, आपली आळी होती.

आपल्या आळीत, आणि आजूबाजूच्या गावांत गेलात तर तिथेही, लिंटेलपर्यंत येऊन थांबलेली घरे दिसतात. भिंती उभ्या, वर आभाळ, सळया गंजलेल्या, आत एरंडाचे झाड. ही घरे आळशी माणसांची नाहीत. घरकुल योजनेचा नियमच असा आहे की लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली आली, तिच्यात ठेकेदाराला मज्जाव आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे, तिथेही घर उभे करायची जबाबदारी ज्याची त्याचीच. नियम चांगला आहे. ठेकेदाराने बांधलेल्या एकसारख्या खुराड्यांपेक्षा आपले घर आपण बांधलेले बरे. पण त्याचा अर्थ असाही होतो की ज्याने आयुष्यात कधी ओळंबा हातात धरला नाही, तो मंजुरीचा कागद आला त्या दिवशी बांधकामाचा मालक झाला. हप्ता मिळतो टप्प्याटप्प्याने: जोते झाले, फोटो काढला, मग पुढचा. २०१६ च्या नियमांत मूळ अनुदान सपाट भागाला १ लाख २० हजार आणि डोंगरी भागाला १ लाख ३० हजार होते, त्याखेरीज रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. एवढ्यात आजच्या भावाने घर होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. उरलेले आपण घालायचे. आणि जिथे एक चूक होते, तिथे हप्त्याचे पैसे त्या चुकीत जातात आणि घर थांबते. श्रीमंताची भिंत पडली तर तो पुन्हा बांधतो. शिंप्याने तीनदा बांधली, आपल्याला दुसऱ्यांदा बांधायची ऐपत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. मी घर बांधले २००३ साली. त्या आधी आमचे कुडाचे घर होते. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती, आणि डोक्यावर पत्रा. माझे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना दगड वाहत होते. घोडेगावात बाजारपेठेकडून जाताना ते बोट दाखवायचे, "ह्या जोत्याचा दगड मी आणलेला हाय." आणि संध्याकाळी येऊन गळक्या पत्र्याखाली भांडी मांडायचे. तेव्हा मी ठरवले होते की वडिलांच्या हयातीत पक्के घर. ते काही झाले नाही. वडील १९९८ ला गेले. घर झाले तेव्हा त्यांचा फोटो आधी आत नेला.

मला बांधकामाची माहिती किती? हिशेब लिहिता येत होता, एवढीच. पण शाळेत नोकरी, चार बुके वाचलेली, त्यामुळे वाटायचे की आपल्याला कळते. माझी चुलती, आम्ही तिला नानी म्हणायचो, तिने तीस वर्षे गवंड्यांच्या हाताखाली बिगारी काम केलेले. पाया आखायला चुना घेऊन आम्ही उभे होतो, तेव्हा ती आली आणि मागच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तिथं पूर्वी उकिरडा व्हता. तिथं खोल जावं लागंल."

मी म्हटले, "नानी, सगळीकडं तीन फूट घ्यायचं ठरलंय."

"ठरलंय ते तुझ्या कागदावर. जमिनीला कुठं ठावं?"

मी ऐकले नाही. तीन बाजूंना तीन फुटांवर मुरूम लागला. त्या कोपऱ्यात तीन फुटांवरही काळी भुसभुशीत मातीच होती. आम्ही त्यात दगड घालून, ठोकून वर आलो. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरका तडा गेला, जिन्यासारखा, विटांच्या सांध्यांतून उतरत गेलेला. तोच तो तुमच्या ओळखीचा तडा.

हे मी हसत सांगतो, पण त्या पावसाळ्यात मी आणि बायको रात्री दिवा लावून तडा बघत बसायचो. पतपेढीचे कर्ज डोक्यावर आणि भिंत फाटलेली. मग नानीनेच एका म्हाताऱ्या गवंड्याला आणले. त्याने तड्यावर काचेची एक पातळ पट्टी सिमेंटने चिकटवली आणि बाजूला तारीख लिहिली. म्हणाला, "काच फुटली तर भिंत अजून चालतीय. न्हाई फुटली तर थांबली." आधी दुखणे वाढते आहे की थांबले ते बघायचे, मग औषध. काच फुटली. तेव्हा त्याने कोपऱ्यावर पडणारे छताचे पाणी वळवले, लांबवर चर काढून दिला, कोपऱ्याबाहेरचा खड्डा बुजवून उतार केला. पुढच्या वर्षीची काच मात्र शाबूत राहिली. मग तडा भरला. आजही रंगाखाली रेघ दिसते.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर घर ठेवले तर घर वर्षातून दोनदा हलते. भराव टाकलेली जमीन त्याहून वाईट, कारण ती कधी बसेल ते सांगता येत नाही. म्हणून पाया किती फूट हा प्रश्नच चुकीचा आहे. मुरूम किंवा खडक कुठे लागतो, हा प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक कोपऱ्याला वेगळा विचारायचा.

याबद्दलही विनयात नियम आहे. भिक्खूला स्वतःसाठी कुटी बांधायची असेल तर त्याने आधी इतर भिक्खूंना नेऊन जागा दाखवायची, त्यांनी पाहून मान्य करायची. जागा निर्धोक हवी. आणि सभोवार मोकळीक हवी. जुने स्पष्टीकरण असे की जुंपलेली गाडी घराभोवती फिरवता आली पाहिजे. आपल्याकडे जागा अर्धा गुंठा, त्यात भावाभावांची वाटणी, गाडी कुठली फिरवता? पण निदान माणूस फिरेल, भिंतीला बाहेरून गिलावा करता येईल आणि पाणी वाहून जाईल एवढी वाट सोडा. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत चिकटवली की मधल्या फटीत पाणी मुरते आणि दोन्ही घरे ओली राहतात. त्या ओलीवरून झालेली भांडणे मी याच विहारात मिटवलेली आहेत, म्हणून बोलतो.

आणि जागेचे महत्त्व आंबेगाव तालुक्याला कोणी सांगावे? ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर खाली आला. दीडशेवर माणसे गेली. तिथे चूक कोणाच्या गवंड्याची नव्हती. वरचा उतार पावसाने भिजून सुटला, त्याला भिंत पक्की की कच्ची याचे देणेघेणे नव्हते. वाचलेल्या लोकांसाठी आमडे इथे नवीन गावठाण वसवले, एप्रिल २०१७ मध्ये घरे ताब्यात दिली, आणि त्याच वर्षी जूनच्या पहिल्या जोरदार पावसात तिथला भराव खचून रस्त्यांना भेगा पडल्या. डोंगर कापून सपाट केलेल्या जागेत अर्धी जमीन मूळची असते आणि अर्धी आणून टाकलेली. पाणी त्यांना बरोबर वेगळे ओळखते. आपल्याला जागा निवडायची मोकळीक फारशी नसते हे मला माहीत आहे. गावाने दिली तिथे आपण राहिलो. पण मिळाली त्या जागेत वरून पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे एक पावसाळा छत्री घेऊन उभे राहून बघता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

दिशांचा विषय निघाला की हल्ली वास्तुवाले येतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही मी ईशान्य कोपऱ्याची चर्चा ऐकली आहे, काय बोलावे! दिशा बघायचीच असेल तर पावसाची बघा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, भीमाशंकरच्या अंगाने झोडपत येतो. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा रुंद घ्या, त्या भिंतीचा बाहेरचा गिलावा नीट करा. एवढे वास्तुशास्त्र पुरे.

तर कोपऱ्याच्या तड्यानंतर मी नानीचा विद्यार्थी झालो. तिच्याकडून जे शिकलो ते थोडे सांगतो, कारण यातले बरेचसे या सभागृहात बसलेल्या आयाबहिणींना माझ्याहून जास्त येते, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

स्वयंपाकघर मागे वाढवायचे होते तेव्हा वाळूचा ट्रॅक्टर आला. नानीने मूठभर वाळू उचलली, दाबली, सोडली, तळहात मला दाखवला. "हाताला जे ऱ्हायलं ती माती. त्येचे पैसं देणार हायेस का?" पुढे मी एका पुस्तिकेत तीच परीक्षा बाटलीची म्हणून वाचली: काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून काही तास ठेवायची. खाली वाळू बसते, वर गाळाचा थर. तो थर वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर वाळू परत पाठवा. आता नदीची वाळू मिळणे कठीण झाले आहे, क्रश सँड येते, तिच्यात भुकटी जास्त असते, परीक्षा तीच.

वीट एकमेकींवर वाजवून बघायची. खणखणीत वाजली पाहिजे, भद्द वाजली तर कच्ची. आणि लावायच्या आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसा होतो. सिमेंटच्या गोणीवर तारीख असते, ती वाचा. तीन महिन्यांहून जुनी गोणी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ताकद कमी झालेली असते. आणलेल्या गोण्या जमिनीवर नाही, फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा.

सगळ्यात मोठी भानगड पाण्याची. गवंड्याला माल पातळ आवडतो, कारण तो भराभर पसरतो. पण गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरते. त्याहून जास्त ओतलेले पाणी पुढे उडून जाते आणि आत बारीक भोके ठेवते. माल कालवताना पाणी मोजून, आणि माल घट्ट झाल्यावर मात्र पाणी भरपूर, हे ध्यानात ठेवायचे. लोकांचे नेमके उलटे होते. कारण आपल्याला वाटते सिमेंट चिखलासारखे वाळून घट्ट होते. ते वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होते. कुडाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे मनाला पटायला वेळ लागतो. शेणमाती वाळावी लागते ना!

माझ्या स्लॅबच्या वेळी हेच झाले. एप्रिल महिना, स्लॅब पडला, आळी करून पाणी भरले. चौथ्या दिवशी नात्यातले लग्न निघाले. सगळे गेलो. दोन दिवसांनी आलो तर स्लॅब तव्यासारखा कोरडा आणि वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. लग्नातले जेवण अजून आठवते, फार महाग पडले. निदान दहा दिवस, आणि आपल्या उन्हाळ्यात चौदा दिवस, कोणीतरी एक माणूस घरी पाहिजेच. म्हणून मी म्हणतो, पाण्याची सोय नसेल तर विटाही आणू नका. जुन्नरच्या लेण्यांत हेच दिसते. डोंगराच्या खोल्या जिथे खोदल्या, तिथे शेजारी पाण्याची पोढी खोदलेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दान दिल्याचे कोरलेले आहे. एकट्या राजाने नाही, एका धंद्याच्या लोकांनी मिळून. लेणे आणि पाणी, दोन्ही एकाच दानात.

भिंतींबद्दल एकच सांगतो, बाकी गवंडी सांगेल. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेत गेली. ती घरे कच्च्या कुडाची नव्हती. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंत बाहेरून एक दिसायची, पण आत दोन वेगळे थर, मध्ये दगडगोटे, आणि दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा लांब आडवा दगडच नाही. हादरा बसला तसे थर सुटले आणि छप्पर खाली आले. जाड भिंत म्हणजे भक्कम घर नव्हे. चारही भिंतींना कमरेच्या पट्ट्यासारखा बांधणारा सळईचा पट्टा जोत्यावर, लिंटेलला आणि छपराखाली हवा. लिंटेल खिडकीपुरते तोडून पैसे वाचवू नका. आपल्याला १९६७ चा कोयनेचा हादराही विसरून चालणार नाही.

पण किल्लारीची मी वेगळ्याच कारणासाठी आठवण काढली. भूकंपानंतर ज्या गावांची घरे पडली नव्हती, फक्त फाटली होती, तिथे मालकांनी सरकारी मदत घेऊन आपापली घरे स्वतः मजबूत करायची होती. लोकांना माहिती नव्हती, भीती होती. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले. बायकांनी भूकंपात घर कसे टिकते ते शिकून घेतले, घरोघर जाऊन समजावले, काम चालू असताना उभ्या राहिल्या, इंजिनियरला प्रश्न विचारले. ज्या बायका कालपर्यंत घमेली उचलत होत्या त्यांनी गवंड्याला विचारले, की इथे सळई का नाही? वैशालीच्या शिंप्याला जे मिळाले नव्हते ते त्या बायकांनी एकमेकींना दिले.

आता घर केवढे बांधावे? भिक्खूच्या कुटीचे माप विनयात ठरलेले आहे, सुगताच्या वितीने बारा विती लांब, सात विती रुंद. त्याहून मोठी बांधणे हा दोष. कारण काय सांगितले आहे? आळवी इथले भिक्खू मोठ्या कुट्या बांधायला घेऊन बसले, आणि साहित्यासाठी माणसे द्या, बैल द्या, कुऱ्हाड द्या, गवत द्या, असे मागत सुटले. लोक इतके कंटाळले की भिक्खू दिसला की दुसऱ्या वाटेने पळायचे. गाय दिसली तरी भिक्खू समजून पळायचे! आपण हसतो, पण बांधकाम अर्ध्यावर अडकलेला माणूस उसने मागत फिरतो तेव्हा आपणही वाट बदलतो की नाही?

सरकारी घरकुलाचे माप २५ चौरस मीटर आहे, सुमारे २६९ चौरस फूट. लहान वाटते. म्हणून आपण पाया साडेचारशे फुटांचा घालतो, "होईल पुढं काहीतरी" म्हणून. पहिला हप्ता पायातच गडप. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका: लहान घर पुरे करा. पुढे वाढवायला एका बाजूला सळया आणि जागा ठेवा. स्लॅबला पैसे नसतील तर पत्रा टाका, आणि पत्र्यात लाज मानू नका. पुऱ्या झालेल्या पत्र्याच्या घरात मुलीचा अभ्यास होतो, अर्ध्या स्लॅबच्या घरात नाही.

बाबासाहेबांनी राजगृह बांधले. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ग्रंथ मावत नव्हते, तेव्हा १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी बांधकाम काढले. स्वतः त्या विषयाची पुस्तके वाचली, आराखड्यात लक्ष घातले. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव दिले. खाली कुटुंब, वर ग्रंथ. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेला माणूस, तरी घर बांधायचे म्हटल्यावर नव्याने वाचायला बसला. त्याच सुमारास बांधलेली चारमिनार ही दुसरी इमारत मात्र त्यांना १९४१ मध्ये विकावी लागली. आपण राजगृहाचा फोटो भिंतीवर लावतो, विकलेल्या इमारतीची आठवण ठेवत नाही. कर्जाचा काच त्यांनाही चुकला नव्हता.

कागदाचेही एक सांगून ठेवतो. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करा. घरकुलात तसा नियम आहे, पण स्वतःच्या पैशाने बांधले तरी करा. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव लागले का ते जाऊन बघा. माझ्या नानीने तीस वर्षे घरे बांधली, तिच्या नावावर एक वीट नव्हती. दीर-जावांच्या भांडणात ती आमच्याकडे राहायला आली आणि आमच्याच घरातून गेली. २०११ साली.

तर आता मी समितीपुढे एक मागणी ठेवतो. भाषण संपवतो, पण मागणी ऐका. आपल्या विहारात नवकम्माची एक वही सुरू करा. आळीत ज्याचे घर चालू आहे त्याचे नाव तिच्यात, आणि समोर दोन माणसांची नावे, त्यातली एक बाई, जिने बांधकामावर काम केले आहे. पाया खणून झाला की भरण्याआधी त्या दोघांनी कोपरान्‌कोपरा बघायचा. वाळू आली की बघायची. स्लॅबच्या दिवशी उभे राहायचे, आणि घरचे लग्नाला गेले तर पाणी मारायचे! ओळंबा, गुण्या आणि पाण्याची लेव्हल नळी विहारात ठेवू, ज्याला लागेल त्याने न्यावी आणि आणून द्यावी. सेंटरिंगच्या फळ्या ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी सांगावे. काटकोन साधायला तीन-चार-पाच फुटांची दोरी कशी लावायची ते मी पोरांना एका संध्याकाळी दाखवतो, त्याला गवंडी व्हावे लागत नाही.

आणि नवे घर सुरू करण्याआधी, लिंटेलवर थांबलेली आपल्या आळीतली पाच घरे आहेत. मी मोजली आहेत. त्यांतल्या दोघांचे फक्त पत्र्याचे काम बाकी आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आपण तिथे जाऊ. माझ्याकडचा ओळंबा मी बरोबर घेतो. तो वडिलांच्या मुकादमाचा आहे, पितळी, दोरी मात्र नवी घालावी लागेल.

जयभीम.